खडकाचे दात

ज्या कुणी शाळेच्या पुस्तकात 'महाराष्ट्राचे पठार कठीण खडकाचे बनलेले आहे' हे वाक्य लिहिलं, तो माणूस आयुष्यात एकदाही विहिरीत उतरलेला नाही. मी हे पैजेवर सांगते! रस्त्याकडेला एक काळा दगड पाहिला असेल, त्यावर बूट आपटला असेल, आणि घरी जाऊन लिहून टाकलं असेल, कठीण. आम्ही पोरांनी ते घोकलं, परीक्षेत उतरवलं, आणि पायाखाली काहीतरी पक्कं आहे या भरवशावर मोठे झालो.

विहिरीत उतरलात की भरवसा जातो. आपली जमीन म्हणजे भाकरींची चवड आहे. तापलेला लाव्हा आला, पसरला, थंड झाला, त्याचा काळा खडक झाला. मग हजारो वर्षं ऊन, वारा, पाणी. वरचा भाग कुजून लाल माती झाली. तेवढ्यात पुन्हा लाव्हा! लाल माती खाली दबली, भाजली, पण मातीच राहिली. अशा भाकरीवर भाकरी, आणि मध्ये मध्ये ओल धरणारं लाल फडकं.

पाण्याच्या सर्व्हेतल्या आमच्या ग्रुपचे किस्सेही असेच चढत गेले. एक थंड होईपर्यंत दुसरा वर येऊन पडायचा. ऐकणाऱ्याला वरची काळी पाठ दिसते, तो हसतो. मधला लाल थर आम्हालाच ठाऊक.

एमएस्सी जिऑलॉजी करून मी अमरावतीत एका पाण्याच्या सर्व्हेत लागले, तेव्हा सकाळी पेपर उघडायची भीती वाटावी असे दिवस होते. आमचं काम म्हणजे अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत गावोगाव फिरायचं, विहिरी पाहायच्या, कोणत्या खडकात पाणी लागेल ते सांगायचं. आम्ही चौघं होतो. ढोरे सर प्रमुख. जन्मभर खडक पाहिलेला आणि म्हणूनच कशावरही विश्वास नसलेला माणूस. नलू वानखडे पाणी तपासायची. सलीमभाई जीप चालवायचे, राहणार जुने शहर, अकोला. आणि मी, बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधली, वयाने सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत घाईची. लोकांना विज्ञान नीट समजावून सांगितलं की निम्मं दुःख संपेल, असं मला वाटायचं. उरलेलं निम्मं मी दुसऱ्या वर्षी संपवणार होते!

*

पहिल्याच आठवड्यात तिवसा तालुक्यातल्या एका गावात शिरलो. दुपारची वेळ. जीप दिसली तशी पारावरची माणसं उठून उभी राहिली. बायका दारात आल्या. सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर, जीप कुणाच्या घरापुढे थांबते!

आम्हाला काय माहीत? सलीमभाईंनी सावली पाहून एका लिंबाखाली गाडी लावली. समोरच्या अंगणात एक बाई झाडत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, हातातला झाडू तसाच घेऊन ती आत धावली आणि नवऱ्याला हाका मारू लागली. 

नवरा मागच्या दाराने आला. तोंडभर तंबाखूची मशेरी. त्याला बोलताही येईना.

बाई त्याच्याकडे पाहत उंबऱ्यावर मटकन बसली. मग आमच्याकडे वळली. "सारं गाव सोडून थांबाले तुमाले माह्यंच घर सापडलं का? कोन्या मुहूर्तावर निघाले व बाप्पा तुमी!"

त्या वर्षांत गावात जीप यायची ती कुणा शेतकऱ्याने जीव दिल्यावर. पंचनाम्याला, नाहीतर भेटीला. जीप ज्या दारात थांबली, ते घर गेलं.

बाईंचं नाव विमलताई काळमेघ. नवरा देविदासभाऊ. त्यांच्याच शेतात नवी विहीर सुरू व्हायची होती आणि आम्हाला नेमकं तेच शेत पाहायचं होतं. देविदासभाऊ चूळ भरून आले आणि हसून म्हणाले, "मनावर घेऊ नका. ते रोजच असं करते. मी वावरातून उशिरा आलो तरी असंच."

विमलताई हसल्या नाहीत.

तेव्हापासून गावाची शीव आली की सलीमभाई खिडकीतून मान बाहेर काढून ओरडायचे, "पानीवाले आहोत भाऊ, पानीवाले! कोनाच्याच घरी नाही आलो!"

ढोरे सर म्हणाले, "सलीम, ते शेवटचं वाक्य जास्त जोरात म्हणत जा."

*

मला उत्साह फार. विहीर दिसली की काठावर पालथं पडायचं, अर्धं अंग आत सोडायचं आणि थर बघायचे. वरती काळी माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, मग अखंड खडक. हातोडीने ठोकायचं. ताजा दगड खणखणतो, कुजलेला दगड ढप वाजतो. कान लावून ऐकायचं असतं, त्यामुळे मान आणखी आत.

एका गावात मी अशीच लोंबकळत होते. सर आणि नलू पलीकडच्या बांधावर. मागून कुणीतरी माझ्या वेणीला धरलं आणि असा हिसका दिला की मी काठावर उताणी!

म्हातारी होती. धुण्याचं बोचकं बाजूला पडलेलं. ती माझ्या छातीवर गुडघा ठेवून बसली आणि रडायलाच लागली. "काहून व माय? असं काय झालं तुले? नापास झाली का? कोनी टाकलं का तुले?"

मी म्हणाले, "आजी, मी दगड पाहत होते."

"सारे तसंच म्हनतात!"

सर धावत आले. त्यांनी परोपरीने सांगितलं, ही सरकारमान्य कॉलेजात शिकलेली मुलगी आहे, हिला दगड पाहायचा पगार मिळतो. म्हातारीने ऐकून घेतलं. पण वेणी सोडली नाही. आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत ती माझ्याबरोबर वेणी धरून चालत आली. नलूच्या हातात वेणी दिली आणि म्हणाली, "इले एकटी सोडू नको."

नलूने ती वेणी पुढचं गाव येईपर्यंत हातातच ठेवली. मी चिडले तर म्हणाली, "मी शब्द दिलाय."

*

अकोल्याला गेलो की जेवण सलीमभाईंच्या घरी. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरातल्या गल्लीत. सलीमभाईंच्या अम्मी जेवायला वाढायच्या आणि आम्ही फुशारक्या मारायचो. एकदा मी त्यांना लाव्हाचं सांगितलं. मनापासून सांगितलं! जमिनीला भेगा पडल्या, लाल रस वर आला, नदीसारखा वाहिला, सगळं वऱ्हाड त्याखाली गेलं. थंड होताना आतली हवा फुग्यासारखी अडकली, तेच दगडातले खड्डे. दगड जितका सावकाश थंड, तितके त्यातले कण मोठे. झटकन थंड झाला तर कण दिसतही नाहीत.

अम्मी हात थांबवून ऐकत होत्या. "ये कब की बात है?"

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची."

"फिर वापस आएगा क्या?"

"नाही हो अम्मी! कसा येईल? फार जुनी गोष्ट आहे ती."

"जुनी है, तभी तो पूछ रही हूँ. जुने लोगां को घर का रस्ता याद रहता."

आम्ही पोट धरून हसलो. महिन्याभराने पुन्हा गेलो तर त्यांच्या चुलीजवळच्या फरशीत एक बारीक भेग गेलेली, आणि त्या भेगेवर पाण्याने भरलेली बादली ठेवलेली. सलीमभाई हळूच म्हणाले, "तुमी गेले तव्हापासून आहे. अम्मी रोज पानी बदलते. मीच रात्री दोन-दोनदा उठून पाहतो, बादली गरम तं नाही झाली."

*

आता जिऑलॉजीवाल्यांची एक सवय सांगते. आम्ही दगड चाटतो! हसू नका. खडकात चिकणमाती असली तर तो जिभेला चिकटतो. दाताखाली धरला तर कळतं, कचकच लागली की रेती, लोण्यासारखा गेला की चिकणमाती. ढोरे सर तर जाता-येता चाटायचे. चणेफुटाणे असल्यासारखे.

मूर्तिजापूरकडे एका शेतात विहिरीच्या काठाला हिरवट मातीचं ढेकूळ पडलेलं होतं. सरांनी उचललं, पुसलं, जीभ लावली. मग दाताखाली धरलं. चेहरा वाकडा झाला.

"कडू आहे," सर म्हणाले. "कडू का आहे?"

शेताचा मालक कपाशीतून येत होता. त्याने सरांच्या ओठांवरची माती पाहिली आणि तो धावतच आला. "सर, तिथं तं काल फवारनीचं औषध कालवलं होतं!"

पुढे जे झालं ते मी कधी विसरणार नाही. कुणी कुणाला काही विचारलं नाही. एक जण मिठाचं पाणी घेऊन आला. एकाने सरांचं डोकं धरलं, एकाने नाक. एका बाईने सरांच्या अंगावरचा शर्ट काढायला लावला, पाठीवर पाणी ओतलं. "झोपू देऊ नका, बोलतं ठेवा," असं एक म्हातारा बजावत राहिला. जीपचं मागचं दार उघडलेलं, सीटवर पोतं अंथरलेलं. सगळं इतकं सुरळीत, जणू गावातल्या लग्नात वाढपी कामाला लागलेत. प्रत्येकाला आपापलं काम ठाऊक होतं.

सर ओकत ओकत सांगत होते, "अहो, मी चुकून... खडक ओळखायला..."

नाक धरलेला माणूस मायेने म्हणाला, "हो बाप्पा, हो. चुकूनच असते."

दवाखान्यात डॉक्टरने तपासलं. पोटात फारसं गेलं नव्हतं. रात्रभर ठेवून घेतो म्हणाला. मी संतापले. सरांच्या शिक्षणाचं सांगितलं, चिकणमातीची परीक्षा समजावली, चाटायची पद्धतही सांगितली. डॉक्टरने सगळं शांतपणे ऐकलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का त्यांना?"

*

विमलताईंची विहीर सुरू झाली होती. देविदासभाऊ स्वतः आत उतरून काम करायचे, मजूर कमी पडायला नको म्हणून. सोबत विहिरी खोदणारे दोघे. त्यातला तुळशीराम म्हणून एक, वयस्कर, कामाला वाघ, बोलायला कमी. काठावर क्रेन, तिच्या दोराला लोखंडी बकेट. दगड त्याच बकेटमधून वर यायचा आणि माणसंही.

एके दिवशी सुरुंग उडवल्यावर तुळशीराम आत उतरला आणि बोंबलतच वर आला. "खडकाले दात हायेत! खडकाले दात हायेत!"

काम बंद. कुणी आत जाईना. गावभर झालं की काळमेघांच्या विहिरीत खडकाने तोंड उघडलं. विमलताईंनी तर देविदासभाऊंच्या विहिरीत घालायच्या चपलाच लपवल्या. आम्हाला निरोप आला.

सर उतरले, मागोमाग मी. विहिरीच्या एका अंगाला, डोक्याच्या वर, सुरुंगाने खडकातली एक पोकळी फुटली होती. आत पांढरेशुभ्र, टोकदार स्फटिक दाटीने उगवलेले. वर एक ओळ, खाली एक ओळ. बॅटरीच्या उजेडात ओले चमकत होते. मी शिकलेली बाई, पण खरं सांगते, पहिल्या नजरेला माझाही पाय मागे आला.

सर मात्र खूश. वर येऊन त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. कशावरही विश्वास नसलेला हा माणूस त्या दिवशी काय बोलला! लाव्हात हवेचा फुगा अडकला, पोकळी राहिली. मग खडकातून झिरपणारं पाणी त्या पोकळीत शिरलं. पाण्यात विरघळलेला ऐवज कणाकणाने भिंतीला बसत गेला. आपल्या घरी पाण्याच्या माठाला पांढरं चढतं, तसंच. लाखो वर्षं चढलं, त्याचे हे स्फटिक. झिओलाइट नाव त्याचं. "भ्यायचं काहीही काम नाही," सर म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या. विज्ञान जिंकलं होतं!

लोक हसले. देविदासभाऊ सगळ्यांत जास्त हसले. तुळशीरामला त्या दिवसापासून सगळे 'दातवाला' म्हणू लागले. जेवताना त्याला भाकरीचा तुकडा दाखवून कुणी म्हणायचं, "पाहा रे, हे चावते का तुले!" तोही हसायचा, मान खाली घालून.

निघताना सरांनी देविदासभाऊंना एकच गोष्ट सांगितली. "याच्या खाली लाल माती लागेल. लागली की थांबायचं. वरपर्यंत बांधकाम करून घ्यायचं, मगच पुढे. आणि आम्हाला कळवायचं."

"हाव ना सर," देविदासभाऊ म्हणाले. "आता कायचं भेव?"

*

मधे एकदा पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात गेलो होतो. अकोल्याच्या त्या भागात खडक सापडतच नाही. नदीने आणलेला गाळ, खाली खोल खोल नुसता गाळ, आणि त्यातलं पाणी खारट. तिथल्या चहालाही चव समुद्राची. उन्हाळ्यात त्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्यात हात खांद्यापर्यंत जातो. गावकरी वासरं बांधून ठेवतात, पाय अडकेल म्हणून.

सलीमभाईंच्या हातून जीपची चावी पडली आणि थेट भेगेत गेली. वाकून पाहिलं तर चमकताना दिसत होती. काठीने काढू गेलो, आणखी खाली गेली. माती विटेसारखी टणक, कुदळ उसळत होती. मी म्हणाले, पाणी ओता, माती मऊ होईल, मग खणू. नलूचे पाण्याचे सगळे कॅन मी रिकामे केले.

जिऑलॉजीच्या बाईने हे करावं! काळी माती पाणी प्यायली की फुगते, हे मीच परीक्षेत लिहिलेलं. आमच्या डोळ्यांदेखत कडा ढासळल्या, गारा झाला, आणि आम्ही जेवून येईपर्यंत भेग मिटत आली होती. संध्याकाळी तिथे फट होती की नाही, हेही सांगता येईना.

शेजारच्या शेतातले एक मामू आमची गंमत पाहत होते. म्हणाले, "कायले खनता? माती कोनाचं खात नाही. फक्त ठेवून घेते."

सलीमभाईंनी वायरी जोडून जीप चालू केली. येताना सगळे हसत होतो. सर नखांतली काळी माती काढत बसले होते. बडनेरा जवळ आल्यावर म्हणाले, "लाल मातीही अशीच फुगते. फक्त तिच्या डोक्यावर अख्खा खडक असतो. ती ओली झाली की वरचं सगळं तिच्यावरून घसरतं. तरुणपणी एकदा पाहिलंय मी." एवढं बोलून त्यांनी खिडकीची काच वर केली. मग थोड्या वेळाने, "काळमेघांचा निरोप आला का गं काही?"

नव्हता आला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांनी जीप तिवस्याकडे घ्यायला लावली. विहिरीचं शेत रस्त्यावरूनच दिसायचं. काठावर निघालेल्या दगडमातीचा ढीग. हा ढीग म्हणजे उलटी विहीर असते. जे विहिरीत वर, ते ढिगात तळाला. जे शेवटी निघालं, ते सगळ्यांत वर.

ढिगाच्या तळाला काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड. त्यावर लाल. चांगला कुंकवासारखा लाल थर. आणि त्या लालवर पुन्हा ताजे काळे तुकडे.

लाल थर ओलांडून ते पुढच्या खडकात गेले होते. बांधकाम काठावर कुठेच दिसत नव्हतं. शेजारी लागूनच दुसऱ्याची संत्र्याची बाग, आणि झाडांच्या आळ्यांत कालपासून दिलेलं पाणी तुडुंब उभं.

"सलीम, पळव," सर म्हणाले.

सलीमभाई ओरडायचं विसरले. गावातून जीप गुपचूप भरधाव गेली, आणि विमलताईंनी ती आपल्या वावराकडे वळताना पाहिली. मी मागे बघितलं तर त्या पदर सुटलेला, अनवाणी, जीपच्या मागे पळत येत होत्या.

काठावर क्रेनवाला तेवढा होता. आत देविदासभाऊ, तुळशीराम आणि तिसरा एक गडी. सरांनी वाकून पाहिलं. लाल थर ओला होऊन चकाकत होता, कापलेल्या कलिंगडासारखा. त्याच्या वर तो सगळा काळा खडक, आणि त्यात ते दातांचं तोंड.

"वर या! सगळे वर या!" सरांचा आवाज फाटला.

खालून देविदासभाऊ हसले. "काय भेता सर! तुमीच तं म्हने, काई काम नाही भ्यायचं. खाली पानी लागून राहिलं, या पाहाले!"

"देविदास, बांधकाम कुठाय?"

"पानी पाहून घेतो, मंग बांधतो!"

मग मी समजावायला लागले. विहिरीच्या काठावर उभी राहून! दोन लाव्हांमधली माती, तिच्यातली चिकण, बागेचं पाणी झिरपून ती कशी फुगते, वरच्या खडकाचा भार कसा घसरतो. माझे शब्द भिंतींना आपटून परत येत होते. खाली घमेल्यांचा आवाज चालूच. देविदासभाऊ म्हणाले, "हाव मॅडम. हे एक बकेट भरतो अन् येतो."

विमलताई पोचल्या होत्या. त्यांना दम लागला होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त माझा हात धरला. त्या म्हातारीने वेणी धरली होती ना, तसा.

मी विहिरीत तोंड घालून ओरडले, "दात! दात हालून राहिले! पाहा वरते, दात हालून राहिले!"

खालची घमेली थांबली. मग तुळशीरामने देविदासभाऊंचं बखोट धरलं आणि त्यांना बकेटमध्ये अक्षरशः फेकलं, मागोमाग स्वतः शिरला. तिसरा दोराला लोंबकळला. क्रेनवाल्याने तिघांना एकदमच ओढलं.

वर आल्यावर देविदासभाऊ भडकले. "मॅडम, आमी अडानी लोक बोलतो तं हासता. अन् तुमी शिकल्यासवरल्या मानसानं अशी अफवा फैलावाची? पानी लागून राहिलं होतं!" विमलताईंनी त्यांना पाठीत दोन धपाटे घातले आणि तिथेच ढेकळांत बसून राहिल्या. मान खाली घालून उभी होते मी. साऱ्या वर्षाचं विज्ञान मी स्वतःच्या तोंडाने विहिरीत टाकलं होतं. क्रेनवाल्याने थर्मासमधला चहा काढला. कुणाला तरी वाटलं, जरा निवांत व्हावं.

नलूच्या हातात कप होता. विहिरीत टप्प झालं. एक खडा पडावा तसं. नलूने कप खाली ठेवला.

मग संत्र्याच्या बागेकडची सगळी बाजू खाली बसली. कोसळली म्हणत नाही मी, बसली. दमलेलं माणूस बसतं तशी. आवाज मागाहून आला, पायांतून आला. काठावरची बकेट दोरासकट आत गेली आणि क्रेन कमरेत वाकून तिच्या मागे. लाल धूळ उठली, आमच्या केसांवर, चहात, विमलताईंच्या उघड्या पावलांवर बसली.

देविदासभाऊ विहिरीकडे बघत होते, विमलताई देविदासभाऊंकडे.

तुळशीराम जरा लांब, ढिगाच्या आडोशाला उकिडवा बसला होता. मी त्याच्याजवळ गेले. मला कुणाला तरी सांगायचंच होतं. म्हणाले, "तुळशीरामभाऊ, मी खोटं बोलले हो. वरून काही दिसत नव्हतं."

त्याने बिडी पेटवायला काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढली.

"आमाले दिसत होतं, मॅडम. सकाळपासूनच हालून राहिले होते ते. तुमी हसान म्हनून सांगतलं नाही."